सावलीचा नकाशा : नागपुरातला पहिला उन्हाळा

२० एप्रिल २०२४, शनिवार

प्रकल्प सुरू. रत्नागिरीहून सामानाचा ट्रक येऊन पंधरा दिवस झाले, अजून चार खोकी उघडायची आहेत. बदली नवऱ्याची; माझं काम घरूनच चालतं, त्यामुळे उन्हाळाही माझ्याच पदरात. थोरला अकरा वर्षांचा, धाकटी आठची. शाळेत प्रवेश झालाय, पण विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा पंधरवडाभर उशिरा उघडतात, जून सरत आल्यावर. म्हणजे आणखी नऊ-दहा आठवडे दोन मुलं, तीन खोल्या आणि ओळखीचं घर एकही नाही.

ठरलं ते असं : आठवड्यातून दोनदा बाहेर पडायचं. चौघांचा मिळून खर्च पाचशेच्या आत. मॉल नाही. ऑफिसात प्रत्येक कामाची नोंद ठेवायची सवय आहे, तीच वही इथे चालू करतेय.

धाकटीने भिंतीला मोठा ड्रॉइंग पेपर चिकटवला आणि त्यावर नागपूर काढलं (एक तलाव, एक किल्ला, आमचं घर, घर सगळ्यात मोठं). जिथे सावली सापडेल तिथे हिरवा खडू, जिथे चटका बसेल तिथे लाल. नाव तिनेच दिलं, सावलीचा नकाशा.

२१ एप्रिल, रविवार

फुटाळा तलाव. दुपारी चार. सपशेल नापास.

चूक माझीच. चार वाजले की संध्याकाळ, हे रत्नागिरीचं गणित; तिथे चारला समुद्रावरून वारा सुटलेला असतो. इथे सूर्य डोक्यावर असतो बाराच्या पुढेमागे, पण जमीन तापत तापत हवेचा पारा कळसाला पोचतो तीन-चारला. आम्ही नेमके तेव्हा दगडी पायऱ्यांवर. थोरला बसला तसा उठला. तलावाकाठी आमच्याशिवाय एकच माणूस, कुल्फीवाला, तोही गाडीखाली पोतं अंथरून आडवा. मी विचारलं, कुल्फी आहे का? त्याने डोळ्यांवरचा दुपट्टा बाजूला केला, आमच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "आत्ता कोन येते बापा? सात वाजल्यानंतर या न."

कुल्फी मात्र दिली. काडीवरून मनगटापर्यंत यायला तिला अर्धा मिनिट लागला. नकाशात फुटाळा लाल. खर्च ८० रुपये.

२४ एप्रिल, बुधवार

आज बाहेर पडलो नाही, कारण आधी घरात जगायची सोय.

घरमालकांनी पत्र्याचा कूलर ठेवलाय, खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर. तीन दिवस आम्ही तो सगळी दारं-खिडक्या गच्च लावून चालवला. एसी असाच चालवतात ना! रात्रीपर्यंत उशा दमट, अंग चिकट, अगदी गावच्यासारखं. समोरच्या काकू साखर मागायला आल्या (साखर हे निमित्त, आम्ही कोण ते बघायचं होतं) आणि दारातच थबकल्या.

"काहून गं, खिडक्या लावून काय करून राहिली? समोरची उघड न. हवा जाईन कुठं?"

समोरची खिडकी वीतभर उघडली आणि दहा मिनिटांत खोली वेगळी झाली. कूलर हवा आत ढकलतो, तिला बाहेर पडायला वाट लागते. नाहीतर ओलावा खोलीतच साचतो आणि मग ताट्यांमधलं (कूलरच्या बाजूंना बसवलेल्या गवती पडद्यांमधलं) पाणी उडत नाही. पाणी उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं, सगळी करामत एवढीच. म्हणूनच रत्नागिरीत कूलर कुणाच्या घरात दिसत नाही. तिथे हवा आधीच पाण्याने भरलेली, आणखी पाणी घेणार कुठून? इथे मी सकाळी जीन्स वाळत घातली, चहा पिऊन बाहेर आले तर ती कडक.

ताट्या मात्र गेलेल्या होत्या, क्षाराने पांढऱ्या पडून विटेसारख्या घट्ट. बर्डीच्या दुकानात (सीताबर्डीला इथे सगळे बर्डी म्हणतात) विचारलं, वूडवूल (लाकडाचा बारीक कीस) की खस (वाळा)? खस महाग, पण रात्री पहिल्यांदा पंप सुरू केला तेव्हा पावसाआधीच्या मातीसारखा वास घरभर झाला आणि दोघं मुलं न भांडता झोपली. त्या वासाचे पैसे वसूल.

काकूंनी जाता जाता सांगितलं, "बाल्कनीत गंजात पाणी ठेवून देत जा पाखरांसाठी." गंजात म्हणजे? मी शेवटी धीर करून विचारलं. गंज म्हणजे पातेलं. मी आपली गंजलेलं काही शोधत होते.

२८ एप्रिल, रविवार

सकाळी पावणेसहा, अंबाझरी. उत्तम.

तलाव भोसल्यांच्या काळातला, एकेकाळी भोवताली आमराई होती म्हणून हे नाव. बांधावर अर्धं नागपूर चालत होतं. मुलांना तर बाहेर पडलेल्या जगाचाच धक्का बसला : दुपारी ओस वाटणारं हे शहर पहाटे एवढं गजबजलेलं असतं! गेल्या वर्षी २३ सप्टेंबरला हाच तलाव ओसंडून खालच्या वस्त्यांत पाणी घुसलं होतं. आज काठाला चिखलाच्या भेगा. एकाच तलावाचे हे दोन अवतार थोरल्याला पटेनात.

परतताना तर्री पोहे. पोह्यांवर हरभऱ्याचा लाल जाळ रस्सा. धाकटीने पहिला घास घेतला, डोळ्यांत पाणी, आणि प्लेट सोडली नाही. साडेआठला घरी. नकाशात हिरवा पट्टा, पण तिने खडू हातात धरून विचारलं, "आई, हे नेहमी हिरवं असतं का?" मी उत्तर दिलं नाही. पोहे १२० रुपये.

१ मे, बुधवार

सीताबर्डीचा किल्ला. हा वर्षातून तीनच दिवस सगळ्यांसाठी उघडतो : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट. एरवी सैन्याच्या ताब्यात. काकू म्हणाल्या, "महाराष्ट्र दिन तुमचा. आमच्या इकडं काही लोक आज वेगळ्या विदर्भाचे झेंडे घेऊन निघतात. तुम्ही किल्ला पाहून या, तेवढं बरं."

सकाळी लवकर रांगेत. दोन टेकड्यांवरचा किल्ला. नोव्हेंबर १८१७ मध्ये इथेच अप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य आणि इंग्रज भिडले, दोन दिवसांत नागपूरच्या राज्याचं भवितव्य ठरलं. आमच्या पुढे एक आजोबा नातवाला लढाई अशी सांगत होते की ती काल झाली असावी आणि आजोबांनी ती गच्चीतून पाहिली असावी. वरून रेल्वे स्टेशन, पायथ्याचा टेकडी गणपती, मेट्रोचे खांब असं सगळं दिसतं. थोरला तोफांपेक्षा मेट्रोकडे जास्त वेळ पाहत उभा राहिला, त्याची नोंद घेतली आहे.

दहा वाजता दगडी भिंतीला हात लावता येईनासा झाला. अकराला घरी. उतारावर पाणपोई होती, लाल फडकं गुंडाळलेले माठ. तिथलं पाणी दात शिवशिवतील इतकं गार होतं.

६ मे, सोमवार

अजब बंगला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय. १८६३ पासूनचं, जाड भिंतींचं. दुपार काढायला याहून चांगलं काय, असं म्हणून बाराला सिव्हिल लाइन्समध्ये पोचलो. सोमवारी बंद असतं. पाहून निघायला हवं होतं.

भर बाराला रस्त्यावर चौघं. सिग्नलवर ताणलेल्या हिरव्या जाळीखाली स्कूटरवाले खेटून उभे, आम्हीही त्यांच्यात शिरलो. मग थोरल्याने तोड काढली : मेट्रो. तिकीट थोडं, आत गारवा, आणि उतरायचं नाही.

तीन तास आम्ही मेट्रोत काढले. झिरो माईलहून चढलो (दगडाच्या खांबाला आणि चार घोड्यांना काचेतूनच नमस्कार), गड्डीगोदामला थोरला जवळजवळ ओरडला. तिथे खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यांच्या वर आपण. मग उलटे वर्धा रोडला, तिथे उड्डाणपुलाच्या डोक्यावरून मेट्रो जाते, ३.१४ किलोमीटर. "पाय!" थोरला म्हणाला. गणिताचा पाय. मला तर हे सुचलंच नसतं. सीताबर्डीला गाडी बदलून घराकडे निघालो, सुभाषनगरच्या आधी अंबाझरीचं पाणी दिसतं. दुपारी अडीचला ते वितळलेल्या कथलासारखं होतं आणि काठावर चिटपाखरू नव्हतं. धाकटी काचेला नाक लावून गप्प.

घरी येऊन तिने अंबाझरीच्या हिरव्यावर लाल रेघा मारल्या. मग हिरव्या. मग कागद फाटायला आला.

९ मे, गुरुवार

अडथळा. थोरल्याचा घोळणा फुटला. सकाळी खाली क्रिकेट, नऊनंतरही थांबला नाही, आणि शर्टावर रक्त. आम्ही त्याचं डोकं मागे करून बसलो होतो. डॉक्टरांनी फोनवरच झापलं. मान पुढे, नाकाचा मऊ भाग चिमटीत, दहा मिनिटं सोडायचं नाही. कोरड्या हवेने नाकातली नाजूक त्वचा तडकते, घाबरण्यासारखं नाही. थांबलं. काकूंनी कांदा पाठवला, हुंगायला आणि खिशात ठेवायला. डॉक्टर कांद्याबद्दल काही बोलले नाहीत, पण चौघांच्याही खिशात आता कांदा आहे. समोरच्या काकूंना नाही म्हणणं अवघड.

दुपट्टा बांधायचंही त्यांनीच शिकवलं. कपाळावरून घे, कानांवरून मागे ने, पुन्हा पुढे, फक्त डोळे उघडे. आरशात आम्ही चौघं बँक लुटायला निघाल्यासारखे.

१२ मे, रविवार

शहराबाहेरचं एक वॉटर पार्क. नाव लिहीत नाही. खर्चाची मर्यादा मोडली, ती कितीने मोडली तेही लिहीत नाही. फरशा तापलेल्या, सावली फक्त तिकीट खिडकीपाशी, घरचं पाणी आत न्यायला बंदी. कोकणातली मुलं, पाण्याला काय भुलणार? नवऱ्याने नकाशात स्वतः लाल केलं, दोनदा.

१८ मे, शनिवार

अजब बंगला मंगळवारी उरकला (शिलालेख, शस्त्रं, पेंढा भरलेले पक्षी; धाकटी पक्ष्यांपाशीच रमली). आज रामन विज्ञान केंद्र, गांधीसागर तलावासमोर. १९९२ चं, तारांगण नंतर, १९९७ ला आलं. दुपारी एक ते पाच, आत गारवा, हात लावून खेळायची यंत्रं, आणि आम्हाला कुणी हाकलत नाही. पूर्ण हिरवं.

सी. व्ही. रामन यांचंच नाव का? तर १९१० मध्ये सरकारी हिशेब खात्यातले रामन रंगूनहून इकडे, नागपूरला बदलून आले होते. वर्षभरातच पुन्हा कलकत्त्याला गेले. नवरा हे ऐकून एकदम ताठ बसला. बदलीवाल्यांचा माणूस!

तिथल्या एका मार्गदर्शकाला धाकटीने आपल्या नकाशाबद्दल सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, "२६ तारखेला तुझ्या नकाशात काहीच उरणार नाही मग." शून्य सावलीचा दिवस. सूर्य रोज थोडा उत्तरेला सरकत येतो. नागपूर २१ अक्षांशाच्या जरा वर, आणि २६ मेच्या सुमारास दुपारी तो बरोबर डोक्यावर येतो. वेळ १२ वाजून १० मिनिटं.

तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही.

२१ मे, मंगळवार

महाराजबाग, सकाळी सात. भोसल्यांची बाग, आता कृषी विद्यापीठाकडे. पिंजऱ्यांना हिरव्या जाळ्या आणि कूलर. बिबट्याच्या कूलरला आमच्यापेक्षा ताज्या ताट्या होत्या. बाहेर फुटपाथवर एक बाई टोपलीत चारं (चारोळीची फळं) आणि तेंदूची फळं घेऊन बसलेल्या. धाकटीने संत्री मागितली. त्या हसत सुटल्या. आंबिया बहाराची दिवाळीच्या सुमारास येतात, मृगाची फेब्रुवारी-मार्चात. मे महिन्यात झाडावर असतात ती लिंबाएवढी हिरवी. संत्रानगरीत येऊन दीड महिना झाला, संत्रं फक्त बर्फीत भेटलंय.

२६ मे, रविवार

कालपासून नवतपा. सूर्य रोहिणीत शिरला की नऊ दिवस, आणि काकू या नऊ दिवसांत बाराच्या पुढे कुणाला दाराबाहेर जाऊ देत नाहीत. आज गच्चीवर जायचंय म्हटल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला, आणि मग पन्ह्याचा तांब्या घेऊन आमच्या आधी जिन्यात उभ्या.

बारा वाजता गच्ची. फरशीवर दोन बादल्या पाणी ओतलं, बघता बघता सुकलं. ओलं गोणपाट टाकून त्यावर उभे. साहित्य : स्टीलचा पेला उपडा, मिठाची काचेची बरणी, खडू. थोरला दर दोन मिनिटांनी सावलीच्या टोकाशी रेघ मारत होता, रबरी चप्पल फरशीला चिकटून प्रत्येक पावलाला चर्र आवाज. १२ ला पेल्याची सावली पश्चिमेला नखाएवढी. १२.०४ ला त्याच्या निम्मी.

टाकीच्या पडछायेत एक कबूतर बसलं होतं, पंख जरा पसरून, चोच उघडी. ती पडछाया टाकीकडे सरकत गेली तसं तेही सरकत गेलं, मग टाकीला अगदी चिकटलं. १२.०८ ला त्याच्या पाठीवर ऊन आलं. ते उठलं, इकडेतिकडे दोन पावलं टाकून पाहिली, सावली कुठेच नाही. उडून खाली जिन्यात, थेट काकूंच्या पायाशी. काकू हलल्या नाहीत. "राहू दे बापा त्याले."

१२.१०. पेल्याभोवती काही नाही. बरणीतून आलेला उजेडाचा डाग बरणीखालीच. कपडे वाळत घालायच्या दोरीची सावली बरोबर दोरीखाली, तिच्यावर मुंग्यांची रांग, आणि मुंग्यांना सावली नाही. धाकटीने हात बाजूला पसरले, खाली पाहिलं. तिच्या टोपीचा गोल पायांभोवती पडला होता, आणि ती त्या गोलात मावली होती. ती काही बोलली नाही. नवरा फोटो काढायचा विसरला.

१२.१५ ला पेल्याच्या दुसऱ्या बाजूला, पूर्वेकडे, केसाएवढी काळी रेघ आली.

गावाकडे, रत्नागिरीत, हा दिवस ७ मेच्या आसपास येतो. तिथे आम्ही इतकी वर्षं राहिलो, कधी मान खाली घालून पाहिलं नाही.

खाली आल्यावर भांडण. धाकटीला सगळा हिरवा रंग खोडायचा होता, कारण सावली नाहीच. थोरला म्हणाला, "अगं झाडाखाली असतेच की, ती बाजूला पडत नाही एवढंच." बराच वेळ चाललं. शेवटी तिने पेपर उलटा केला, परातीभोवती पेन्सिल फिरवून मोठा गोल काढला आणि त्यावर आकडे घातले. घड्याळ. सहावर अंबाझरी आणि पोहे. सातवर महाराजबाग. एकवर विज्ञान केंद्र. अडीचवर मेट्रो. चारवर काही नाही.

३१ मे, शुक्रवार

कालपासून फोन थांबत नाही. बातम्यांत नागपूर ५६ अंश! आत्या, मामा, रत्नागिरीच्या जुन्या शेजारणी, सगळ्यांना आम्ही जिवंत आहोत की नाही हे हवंय. एका स्वयंचलित केंद्राने तो आकडा दाखवला, इतर काही ठिकाणी मात्र पारा ४४-४५ च्या घरात. हवामान खात्याने आज सांगितलं, तिथला सेन्सर बिघडलेला होता.

थोरल्याने शोधून काढलं की खात्याचा तापमापक उन्हात नसतोच. पांढऱ्या, झरोक्यांच्या पेटीत, जमिनीपासून चारेक फूट वर, वाऱ्याला उघडा. म्हणजे रोज सांगतात ते ४५ हे सावलीतलं. हे ऐकून धाकटीने घड्याळाच्या कडेला "सावलीत ४५" असं लिहिलं आणि उन्हातलं किती, ते रिकामं ठेवलं. मामा म्हणाला, परत या. इतका उन्हाळा काढल्यावर? आम्ही नाही म्हटलं, आणि नवऱ्याला त्याचं आश्चर्य वाटलं.

२ जून, रविवार

फुटाळा पुन्हा. साडेसात वाजता.

पायऱ्या अजून कोमट, पण बसता येतं. एवढी माणसं, एवढे फुगे, भाजलेल्या कणसांचा धूर, आणि कुठूनतरी गार वाऱ्याची एकेक झुळूक. तोच कुल्फीवाला, आता उभा, हाताला उसंत नाही. मला ओळखलं. "आत्ता बरोबर आले." धाकटीने खिशातून खडूचा तुकडा काढून आपल्या हातावरच हिरवी टिकली लावली, घरी गेल्यावर विसरू नये म्हणून. खर्च १६० रुपये.

१६ जून, रविवार

दोन दिवस आभाळ भरून येतंय, पडत नाही. ऊन कमी, जीव जास्त कासावीस. काल रात्री कूलर लावला तर एप्रिलमधल्या त्या तीन दिवसांसारखं झालं, उशा दमट. समोरची खिडकी उघडून पाहिली, दारही उघडलं. काही फरक नाही.

"आता त्याचं काम संपलं," काकू म्हणाल्या. "पाणी काढून टाक, नाही तं डास होईन."

आज प्लग काढून टाकी रिकामी केली. तळाशी बोटभर गाळ, एक खडू (हिरवा), कबुतराचं पीस. ताट्या गच्चीवर वाळत घातल्या, वाळायला संध्याकाळ लागली. रामटेक आणि गोरेवाडा राहिले; ते शाळेच्या सुट्ट्या बघून.

वही बंद करायच्या आधी भिंतीवर पाहिलं. घड्याळाच्या खाली धाकटीने नवी ओळ घातली आहे : १७ जुलै, १२ वाजून २० मिनिटं. दक्षिणेकडे परतताना सूर्य पुन्हा एकदा डोक्यावरून जातो, तो दिवस. काकू म्हणतात तेव्हा ढग असतील, काय दिसते? तिने पेला आणि बरणी तरी गच्चीच्या जिन्यात नेऊन ठेवली आहे. मीठ मी डब्यात काढून घेतलं.